लाईट येते, पण हब परत येत नाही: स्मार्ट हब आणि होम असिस्टंटची वारंवार तुटणारी जोडणी

लाईट जाते, पंधरा मिनिटांनी येते. फ्रीज चालू होतो, टीव्ही लागतो, फोनला वाय-फायही मिळतं. होम असिस्टंटच्या (घरातल्या छोट्या संगणकावर चालणारं, स्मार्ट यंत्रं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) पडद्यावर मात्र सगळे दिवे करडे आणि प्रत्येकाखाली एकच शब्द: 'अनअव्हेलेबल', म्हणजे उपलब्ध नाही. दिवे ज्या डब्यामार्फत त्याच्याशी बोलतात तो हब त्याला सापडत नसतो. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की कोल्हापुरात ही तक्रार वाढते आणि जून-जुलैच्या वाऱ्यापावसात ती नेहमीचीच होऊन बसते. दरवेळी दिसायला बिघाड सारखा, पण मूळ वेगवेगळं असतं. म्हणून हात लावायच्या आधी नेमकं काय बंद आहे ते ओळखायचं.

लक्षणं

फोनचा मोबाइल डेटा बंद करा, घरच्या वाय-फायवर या आणि हबचं स्वतःचं ॲप उघडा. डेटा बंद करणं महत्त्वाचं, कारण काही ॲप बाहेरच्या सर्व्हरवरून फिरून हबपर्यंत पोचतात आणि घरातलं नेटवर्क ठीक असल्याचा भास होतो.

- ॲपमधून दिवे लागतात, होम असिस्टंटमधून लागत नाहीत: हब धडधाकट आहे, मधला रस्ता तुटलाय. बहुतेक घरांत हेच निघतं.
- दोन्हीकडून लागत नाहीत: वीज, केबल किंवा राउटर.
- चार दिवे आणि एखादा सेन्सर गायब, बाकी सगळं ठीक: हा जोडणीचा बिघाड नाही, झिगबीचा (हब आणि दिवे-सेन्सर ज्या बिनतारी पद्धतीनं बोलतात तिचा) आहे. थेट खालच्या झिगबीच्या भागाकडे जा.
- सगळं चालतं, पण बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी, आणि रात्रीतून जोडणी सुटते: रेडिओ लहरींतला अडथळा किंवा कमजोर ॲडॅप्टर.
- नवा हब सापडतच नाही: दोन नेटवर्कांचा घोळ.

तपासणी सुरू करण्याआधी एक कळकळीची विनंती. हब रीसेट करू नका आणि इंटिग्रेशन (होम असिस्टंटमधली त्या हबची जोडणी) डिलीट करू नका. घाबरून लोक पहिल्यांदा नेमकं हेच करतात. ह्यू ब्रिजच्या (फिलिप्स ह्यू दिव्यांचा हब) पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घातली की त्यातले दिवे, खोल्या, सीन आणि सॉफ्टवेअरला दिलेली परवानगी असं सगळं पुसलं जातं. जे काम पाच मिनिटांत झालं असतं त्यासाठी मग शिडी लावून एकेका बल्बवरचा सहा अक्षरी क्रमांक वाचत बसावं लागतं. इंटिग्रेशन काढलं तर तुम्ही दिलेली नावं आणि ऑटोमेशनमधले संदर्भ तुटायची शक्यता असते. खालचं सगळं संपेपर्यंत या दोन गोष्टींना हात नको.

१. दहा मिनिटं थांबा, मग क्रमाने चालू करा

फुकटातली तपासणी, आणि निम्म्या वेळा काम इथेच संपतं. लाईट आली की फायबरचा डबा, राउटर, हब आणि होम असिस्टंटचा छोटा संगणक एकदमच चालू होतात. हब अर्ध्या मिनिटात जागा होतो. फायबरच्या डब्याला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. जागा झालेला हब राउटरकडे नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) मागतो आणि द्यायला कोणीच नसतं. मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. त्या पत्त्यावर त्याला कोणी शोधू शकत नाही. काही हब थोड्या वेळाने पुन्हा मागतात, काही तसेच अडकून राहतात. होम असिस्टंट आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतं, त्यामुळे आधी दहा मिनिटं नुसती वाट बघा.

तरीही आलं नाही, तर क्रम असा. होम असिस्टंट सेटिंग्जमधूनच बंद करा, प्लग ओढू नका. संगणक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) असेल तर हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा. मग हब बंद, राउटर आणि फायबरचा डबा बंद. आता आधी फायबरचा डबा आणि राउटर चालू करून तीन मिनिटं, मग हब चालू करून दोन मिनिटं, आणि शेवटी संगणक.

यानं बरं वाटलं म्हणजे दुखणं चालू होण्याच्या क्रमाचं आहे, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की ते पुन्हा येणार. कायमचा इलाज म्हणजे ही चारही यंत्रं कधीच बंद पडू न देणं. घरात इन्व्हर्टर असेल तर ती ज्या प्लगवर आहेत तो इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा. पुष्कळ घरांत फक्त पंखे आणि ट्यूब त्यावर घेतलेल्या असतात. मग इन्व्हर्टरच्या मागचं मोडचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. इकोवर असताना लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंतचा क्षण पंख्याला कळत नाही, पण राउटर आणि हब रीस्टार्ट व्हायला तो पुरतो. यूपीएसवर टाकलं की ते थांबतं. जिथे व्होल्टेज नेहमी कमी असतं तिथे यूपीएस मोडवर इन्व्हर्टर वरचेवर बॅटरीवर जातो, एवढं ध्यानात असू द्या.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. घेण्याआधी प्रत्येक ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा. राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि हब पुष्कळदा ५ व्होल्टचा. पिन दिसायला सारखी असली तरी १२ व्होल्टची वायर ५ व्होल्टच्या हबला लावली की हब जागच्या जागी जळतो.

२. केबल

हबच्या मागची लॅन केबल बोटांनी धरून हलकेच ओढा. प्लगच्या टोकाला प्लॅस्टिकची पातळ जीभ असते. ती खाचेत बसताना 'टिक' आवाज येतो. ती तुटलेली असेल तर प्लग आत असल्यासारखा दिसतो, पण झाडू मारताना धक्का लागला की केसभर मागे सरकतो आणि पोर्टजवळचा छोटा दिवा विझतो. हा दिवा बघणं हीच खरी तपासणी आहे.

दुसरी, चांगली म्हणून माहीत असलेली मीटरभर केबल लावून बघा. माळ्यावरून नेलेली केबल उंदरांनी कुरतडलेली असू शकते. मग राउटरचा पोर्ट बदलून बघा. विजांच्या पावसानंतर राउटरचा एकच पोर्ट मेलेला आणि बाकीचे तीन शाबूत असं सर्रास दिसतं, विशेषतः गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून तांब्याची लॅन वायर आत आलेली असेल तिथे.

३. दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का?

इंटरनेटवाल्याने बसवलेल्या डब्यात स्वतःचा राउटर असतोच. रेंज पुरत नाही म्हणून लोक माडीवर दुसरा राउटर लावतात. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरांत सोप्यातलं वाय-फाय माजघरापलीकडे जात नाही, त्यामुळे ही गरज खरीच असते. पण दुसरा राउटर राउटर म्हणूनच लावला की घरात दोन नेटवर्कं होतात.

ओळखायचं कसं? हबचा आणि होम असिस्टंटचा पत्ता शेजारी लिहा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर हेच कारण. हब आपोआप सापडतो तो एमडीएनएसच्या ('मी इथे आहे' असं नेटवर्कभर सांगणाऱ्या) हाकेमुळे, ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर दिली जाते आणि राउटर ओलांडून जात नाही. यात फसवणारी गोष्ट अशी की आतल्या राउटरवरचं यंत्र बाहेरच्यापर्यंत पोचतं, बाहेरचं आतल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पत्ता हाताने टाकल्यावर एका घरात जोडणी होते आणि शेजारच्या घरात होत नाही.

इलाज: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडा. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला पहिल्याच्या नेटवर्कमधला एक मोकळा पत्ता द्या आणि आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. गेस्ट वाय-फायवर हब किंवा संगणक ठेवू नका. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल तर बंद करा. ते यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही. होम असिस्टंट डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवण्याची पद्धत) चालवत असाल तर कंटेनरला होस्ट नेटवर्क द्या, नाहीतर ती हाक आत ऐकूच येत नाही.

४. पत्ता बदलला का?

वारंवार येणाऱ्या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून इथे घाई नको. राउटर हबला पत्ता ठरावीक काळासाठी उसना देतो. लाईट गेली, राउटर सगळं विसरला, आणि परत आल्यावर जो आधी आला त्याला पहिला पत्ता मिळाला. काल हबचा असलेला १९२.१६८.१.७ आज टीव्हीकडे असतो आणि होम असिस्टंट टीव्हीचं दार वाजवत बसतं.

१. राउटरच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर लॉगिनचा पत्ता आणि पासवर्ड असतो. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडा.
२. जोडलेल्या यंत्रांची यादी शोधा. हबच्या तळाशी छापलेला बारा अक्षरांचा मॅक पत्ता (यंत्राची न बदलणारी ओळख) त्या यादीशी जुळवा. नावावर विसंबू नका, यादीत अर्धी नावं 'अननोन' असतात.
३. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' यांपैकी जे नाव असेल तिथे त्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवा. उदाहरणार्थ हबला १९२.१६८.१.५०, होम असिस्टंटला १९२.१६८.१.५१.
४. हब बंद करून चालू करा आणि यादीत नवा पत्ता दिसतो का ते बघा.

होम असिस्टंटच्या संगणकालाही पत्ता राखून द्याच. फोनमधलं ॲप त्यालाच शोधत असतं. हबच्या आत हाताने पक्का पत्ता लिहिण्यापेक्षा राउटरमध्ये राखणं बरं. कारण हातानं लिहिलेला पत्ता राउटरला माहीत नसतो, तो तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो आणि दोघंही अधूनमधून गायब होऊ लागतात.

मग होम असिस्टंटमध्ये त्या इंटिग्रेशनच्या तीन ठिपक्यांवर दाबून 'रीलोड' करा. 'रीकन्फिगर' असा पर्याय दिसत असेल तर तिथे नवा पत्ता टाका. राउटरच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. इंटरनेटवाल्याचा माणूस डबा बदलून गेला की राखलेले पत्ते जातात, कधीकधी आकड्यांची मालिकाच बदलते, आणि 'काल तर चालू होतं' अशी तक्रार सुरू होते.

५. लॉगमधला शब्द वाचा

होम असिस्टंटमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, लॉग्ज असं जा आणि हबच्या नावाची लाल ओळ शोधा. चार शब्दप्रयोग ओळखता आले की अर्धं निदान होतं.

'टाइमआउट': दार वाजवलं, आतून उत्तर नाही. हब बंद आहे, अडकलाय किंवा पत्ता मोकळा पडलाय. 'नो रूट टू होस्ट': त्या पत्त्यापर्यंत वाटच नाही, वरचे मुद्दे दोन ते चार पुन्हा बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड': त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, पण हे दार त्यानं उघडलेलं नाही, बहुतेक वेळा तिथे हब नसून दुसरंच यंत्र बसलेलं असतं. 'अनऑथोराइज्ड': हब भेटला, पण परवानगी उरलेली नाही.

फक्त या शेवटच्या प्रकारातच नव्याने परवानगी द्यावी लागते. ह्यू ब्रिजवर मधलं गोल बटण दाबल्यावर साधारण ३० सेकंदांत पडद्यावरचं 'सबमिट' दाबायचं असतं. हब माडीवर आणि पडदा खाली असेल तर जिना उतरेपर्यंत वेळ संपतो. म्हणून फोन हातात घेऊनच हबजवळ उभे राहा.

लॉगमध्ये सर्टिफिकेटची तक्रार असेल तर घड्याळ बघा. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाईट आली पण इंटरनेट आलं नाही, तर ते जुन्याच तारखेत राहतं. मग क्लाउडवरून चालणाऱ्या हबची जोडणी नाकारली जाते आणि सूर्यास्ताचे दिवे भलत्याच वेळी लागतात.

मॅटरची (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट यंत्रांची सामायिक भाषा) यंत्रं असतील तर राउटरमध्ये आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे नेटवर्क पत्ते) चालू ठेवा. मॅटर त्याच्यावरच चालतं, आणि 'वापरत नाही' म्हणून ते बंद केलेलं पुष्कळ ठिकाणी आढळतं.

६. झिगबी: काहीच यंत्रं गायब असतील तर

आधी भिंतीवरचा बोर्ड बघा. स्मार्ट बल्बचं बटण घरातल्या कुणीतरी सवयीनं बंद केलेलं असतं. विजेवर चालणारा प्रत्येक झिगबी बल्ब पुढच्या यंत्राचा निरोप पोचवतो, त्यामुळे जिन्यातला एक बल्ब बंद झाला की गच्चीवरच्या टाकीचा सेन्सरही हरवतो. बॅटरीवरची यंत्रं निरोप पोचवत नाहीत. घरातल्या थोरल्या माणसांना दोष देऊन उपयोग नाही. बोर्डाजवळ वायरलेस बटण लावून द्या, म्हणजे हाताची सवय तशीच राहते.

हब लोखंडी कपाटावर, फ्रीजमागे किंवा राउटरला चिकटून ठेवू नका. मीटरभर अंतर पुरतं.

आता लाईट गेल्या-आल्यावरच झिगबी मंदावण्याचं कारण. राउटर 'ऑटो' चॅनलवर असेल तर प्रत्येक वेळी चालू होताना तो वाय-फायचं चॅनल नव्यानं निवडतो आणि एखाद्या दिवशी नेमका तुमच्या झिगबीच्या डोक्यावर जाऊन बसतो. वाय-फायच्या १, ६ आणि ११ चॅनलचे मध्य २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झवर. झिगबीचं १५ आहे २४२५ वर, २० आहे २४५० वर, २५ आहे २४७५ वर. म्हणजे ही तिन्ही त्यांच्या फटीत बसतात. राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चॅनल पक्कं करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वाय-फाय १ वर असेल तर झिगबी २० किंवा २५ उत्तम. बदलायचंच झालं तर आधी वाय-फाय बदला. झिगबीचं चॅनल हलवलं की बॅटरीवरचे काही सेन्सर मागे राहतात आणि पुन्हा जोडावे लागतात.

हबऐवजी संगणकाला लावायची झिगबीची यूएसबी स्टिक वापरत असाल तर ती निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचू नका. त्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट निघतो. यूएसबी २ पोर्ट आणि मीटरभर एक्स्टेन्शन केबल, एवढ्यानं हरवलेले सेन्सर परत येतात. सेटिंगमध्ये पोर्टचं नाव 'टीटीवाय-यूएसबी-शून्य' असं असेल तर रीस्टार्टनंतर ते 'एक' होऊ शकतं. त्याऐवजी 'बाय-आयडी' असलेला लांबलचक मार्ग द्या, तो बदलत नाही.

७. ॲडॅप्टर आणि मेमरी कार्ड

वरचं सगळं ठीक असूनही संगणकच अडखळत असेल तर वीज मोजायची. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर चालतोय असं वाटतं, पण स्टिक आणि डिस्क लावली की कमी पडतो. व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेलं की पाय इशारा देतो आणि तो होम असिस्टंटमध्ये दिसतो. वारंवार लाईट गेल्याने मेमरी कार्डही खराब होतं: बदल टिकत नाहीत, मग एक दिवस चालूच होत नाही. त्याऐवजी एसएसडी (टिकाऊ डिस्क) लावा. त्याआधी पूर्ण बॅकअप घेऊन दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि बॅकअपची एन्क्रिप्शन की कागदावर लिहून ठेवा. की नसेल तर बॅकअप उघडत नाही.

इथे थांबा

बोर्ड कोमट लागतोय, जळका वास येतोय, हबच्या किंवा संगणकाच्या धातूच्या खोक्याला हात लावला की मुंग्या येतात, एमसीबी किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतोय: मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. पडलेला आरसीसीबी दाबून धरू नका. स्मार्ट स्विच बसवायला बोर्डात न्यूट्रल नसेल तर शेजारच्या बोर्डातून किंवा अर्थिंगमधून न्यूट्रल घेण्याचा जुगाड जिवावर बेततो. ते कामही वायरमनचंच. मीटरच्या आणि त्याच्या आधीच्या, सीलबंद भागाला कोणीही हात लावू नये; महावितरणची तक्रार १९१२ वर करा.

फायबरच्या डब्यावर 'एलओएस' (सिग्नल येत नसल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर तार बहुधा तुटलेली आहे. घरातल्या कुठल्याही सेटिंगनं ती जुळत नाही. इंटरनेटवाल्याला कळवा आणि फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यात लेझर असतो. चांगला ॲडॅप्टर लावूनही हबवर एकही दिवा येत नसेल तर तो न उघडता वॉरंटीसाठी दुकानात न्या.

आणि पावसाळ्यातली एक गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ज्यांच्या गल्लीत २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं होतं त्यांनी ३९ फुटांची बातमी आली की हब, राउटर आणि संगणक नीट बंद करून वरच्या मजल्यावर न्यावेत. बोर्ड पाण्याखाली गेला असेल तर पाणी ओसरल्यावर वरून कोरडा दिसला तरी भिंतीतला वायरिंगचा पाइप ओलाच असतो. वायरमनने इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासेपर्यंत मेन स्विच वर करू नका, आणि हब त्याच्याही नंतर लावा.